बिडीच्या वेळात गेलेली फिल्म

मासाओ अदाची आणि त्याच्या सोबत्यांनी १९६९ साली जपानमध्ये एक अजब माहितीपट बनवला. विषय होता नोरिओ नागायामा, १९ वर्षांचा मुलगा, चार खुनांचा आरोपी. पण पडद्यावर ना तो दिसतो, ना साक्षीदार. दिसतात फक्त तो जिथे राहिला, फिरला ती गावं, रस्ते, स्टेशनं. फिल्म लोकांसमोर आली १९७५ मध्ये. संग्राहक अशाच फिल्मच्या मागे लागतात. कमी प्रती म्हणजे दुर्मिळ, असं मीही धरून चाललो होतो.

मग प्रमोद पतींची 'एक्सप्लोरर' पाहिली. साल १९६८, लांबी जेमतेम सात मिनिटं. निवेदन नाही. नाचणारी तरुण मंडळी, पूजाविधी, प्रयोगशाळा, सगळं डोळ्यांवर आदळत जातं. विजय राघव राव यांचं संगीतही तसंच अंगावर येणारं. आणि निर्माता कोण? मुंबईची फिल्म्स डिव्हिजन, म्हणजे सरकार!

१९४८ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला प्रेक्षक शोधावे लागत नव्हते. मुख्य चित्रपटाआधी मंजूर माहितीपट दाखवणं टॉकीजवाल्यांना बंधनकारक होतं. आमच्या भंडाऱ्यातही. म्हणून आजोबांना विचारलं. सायकल हाणत पिक्चर पाहायला येणारे ते.

"सरकारी रीळ लागे ना पिक्चरच्या आंधी," ते म्हणाले. "तवा आमी बाह्यर बिडी प्याले जावो."

तिथेच माझी समजूत कोसळली. जपानी फिल्म लोकांपर्यंत पोचली नाही म्हणून दुर्मिळ झाली. आपल्याकडच्या रिळा गावोगावी पोचल्या, पण कोणी पाहिल्याच नाहीत. आमच्या धंद्यात बॅकअप किती आहेत हे मोजतात. पण जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, त्याच्यावर शहाणा माणूस विसंबत नाही.

पती १९७५ मध्ये गेले. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत विलीन झाली. त्याआधी या संग्रहाचं काय होणार, अशी काळजी अनेक चित्रपटकर्त्यांनी जाहीरपणे मांडली होती. रिळांना थंड, कोरडी खोली लागते. पण त्या खोलीचा खर्च कोणी करावा यासाठी आधी विचारणारा प्रेक्षक लागतो.

'एक्सप्लोरर' आता मोबाइलवर दिसते. आजोबांना लावून दिली. चष्मा पुसून त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली, मग म्हणाले, "समजलं काही नाही. पुन्हा लाव."