मालकांची घाई

खेळात हारजीत चालायचीच, असे आपण मुलांना सांगतो. पण संघाच्या मालकाला ते कोण सांगणार? न्यूयॉर्कच्या ‘यांकीज’ या बेसबॉल संघाची हकीकत पाहा. जहाजांच्या धंद्यातले जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी १९७३ साली भागीदारांसह तो विकत घेतला. संघाच्या पदरी तोवर वीस अजिंक्यपदे होती. मात्र १९६२ नंतर एकही नाही. पूर्वपुण्याई मोठी असली की दुसरा क्रमांकही अपमान वाटतो. त्यातच १९७५ च्या अखेरीस, करार संपलेल्या खेळाडूला हव्या त्या संघात जाण्याची वाट मोकळी झाली. खेळाडू पैशाने मिळू लागले, तसे यशही विकत मिळते असे धनिकांस वाटले. १९७७ व १९७८ साली अजिंक्यपदे लाभली आणि हा समज पक्का झाला.

१९८१ च्या अंतिम मालिकेत हार होताच मालकांनी शहराची जाहीर माफी मागितली! बिली मार्टिन यांना तर पाच वेळा व्यवस्थापक नेमले आणि पाचही वेळा त्यांना जावे लागले. यश मात्र रुसले ते रुसलेच.

पुढे १९९० साली एका प्रकरणात मालकांना संघाच्या कारभारातून दूर व्हावे लागले; ते परतले १९९३ मध्ये. मधल्या काळात जाणत्या माणसांनी तरुण खेळाडू विकले नाहीत, जोपासले. १९९६ साली अजिंक्यपद आले. १९९८ पासून तर सलग तीन!

रोप रोज उपटून मूळ पाहणाऱ्याला फळ कसे मिळावे? दरवर्षी पहिलाच नंबर मागणाऱ्या आपणां आईबापांनीही हे ध्यानी धरावे.