शाबासकीच्या पुढचे काही

विचुंब्याला आमच्या इमारतीत राहणारी नववीतली एक मुलगी मागच्या पावसाळ्यात आपली कवितांची वही घेऊन आली. वीस-बावीस कविता होत्या. काही पानांच्या कडेला पेन्सिलीने काढलेली चित्रे होती. मी ती वही दोन दिवस ठेवून घेतली, चाळली आणि परत देताना म्हणालो, "छान लिहितेस." तिने विचारले, "काका, कुठली आवडली?" मला एकाही कवितेचे नाव सांगता आले नाही. तिने वही घेतली, 'थँक्यू' म्हटले आणि ती गेली. मी तिला नाउमेद करणारा एक शब्दही उच्चारला नव्हता. तरीही आपली वही वाचली गेलेली नाही, हे तिला कळले होते आणि तिला ते कळले आहे, हे मला.

उगवत्या लेखक-कलावंतांना 'प्रोत्साहन द्यावे' असे आपण सगळेच म्हणतो. ते द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. या प्रश्नाचे उत्तर शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत असेलही. पण मला ते आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात शोधावेसे वाटले.

या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध शाबासकी १९०७ सालची. त्या वर्षी जळगावला कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेत होते आणि वनस्पतिशास्त्राचे नामांकित अभ्यासकही होते. या संमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता म्हटली. ती ऐकून प्रसन्न झालेल्या अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. ती इतकी चिकटली की आज मूळ नाव आठवायला क्षणभर थांबावे लागते.

ही गोष्ट शाळेत आपण ऐकलेली असते आणि ती बहुधा इथेच संपते. पण ठोंबऱ्यांच्या आयुष्यात त्या पदवीइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची गोष्ट दुसरीच होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी ते राहू लागले. टिळक स्वतः 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले जात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त हे ठोंबरे भेटतात. पदवी मिळवलेले कवी म्हणून ते तिथे येत नाहीत; हळवे, रुसणारे, समजूत काढावी लागणारे असे घरातलेच एक मूल म्हणून येतात. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या टिळकांच्या घरी एका ब्राह्मण तरुणाने राहणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तरी ते घर त्याला आपलेसे वाटले. त्या घरात कविता हा संमेलनापुरता सोहळा नव्हता. ती रोजच्या बोलण्याचा भाग होती. लग्न होऊन आल्या तेव्हा लक्ष्मीबाईंना लिहिता-वाचताही येत नव्हते. त्याच घरात त्या अक्षरे शिकल्या, कविता करू लागल्या आणि १९१९ साली टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेऊन पूर्ण केले. एकाच छपराखाली दोन माणसे अशी लिहिती झाली, याला केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

पदवी आणि घर या दोन देण्यांतला फरक इथे लक्षात येतो. पदवी एका क्षणात देता येते आणि देणारा मोकळा होतो. घर देणाऱ्याला मात्र त्या मुलाचे रुसवे आणि त्याची रिकामी गेलेली सकाळ, असे सारेच सोसावे लागते. शिवाय पदवीत एक धोकाही असतो. 'बाल' हे विशेषण ठोंबऱ्यांच्या मागे जन्मभर आणि मरणानंतरही राहिले. त्यांच्या उत्तरकाळातल्या कवितेत दाटून आलेली उदासी त्या विशेषणात बसत नाही. निसर्गाचा निरागस गायक हीच प्रतिमा पाठ्यपुस्तकांनी जपली. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. मुलांचे कौतुक करताना त्यांच्यावर लावलेली चिठ्ठी पुढे त्यांनाच वागवावी लागते, हे कीर्तिकरांच्या मनात येणे शक्य नव्हते. आपल्या मनात ते यायला हरकत नाही.

दुसरे उदाहरण अमळनेरचे. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केले. हस्तलिखित दैनिक म्हणजे रोजची प्रत रोज लिहून काढणे. शाळेचे तास, छात्रालयाची कामे आणि वर हे. त्या लेखनातून मुलांना काय उपदेश मिळाला, हा भाग मला दुय्यम वाटतो. मोठे माणूस रोज आपल्यासमोर लिहायला बसते, त्याचाही हात दुखतो, त्याचीही खाडाखोड होते, हे पाहायला मिळणे अधिक मोलाचे. आपण मुलांची वही मागतो, आपली कधी दाखवत नाही. गुरुजींनी आधी स्वतःचे पान भिंतीवर लावले. 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. रात्री मुलांना जमवून गोष्ट सांगण्याची तिची सगळी घडण पाहिली की तिच्यामागे छात्रालयातला तो मुलांचा घोळका असावा, असे मला वाटते.

तिसरे उदाहरण अगदी वेगळ्या जातीचे आहे. मुंबईत गिरगावातल्या खटाववाडीतून निघणाऱ्या 'सत्यकथे'चा दरारा मोठा होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिचे संपादक. मराठीत 'साभार परत' हे दोन शब्द नकाराचेच दुसरे नाव होऊन बसले आहेत. पण 'सत्यकथे'कडून परत येणाऱ्या लेखनासोबत पुष्कळदा पत्र असे. कथा कुठे सैल पडते, कुठले पात्र लेखकाने पुरेसे पाहिलेले नाही, शेवट कुठे उपरा वाटतो, असे मुद्दे त्या पत्रात असत. लेखक पुन्हा लिही, पुन्हा पाठवी. एकाच कथेचे दोन-तीन खर्डे होत. आशा बगे, सानिया अशा कितीतरी लेखकांची नावे 'सत्यकथे'शी जोडलेली आहेत. पटवर्धनांनी 'पाडस' या नावाने एका अमेरिकन कादंबरीचा जो अनुवाद केला, तो वाचला की परक्याच्या वाक्यापाशी हा माणूस किती वेळ थांबत असेल याची कल्पना येते. नवख्या लेखकाच्या वाक्यापाशीही ते तसेच थांबत. तसे पत्र हाती आल्यावर लेखक दुखावत असणारच. पण आपले प्रत्येक वाक्य कोणीतरी वाचले आहे, हेही त्याला त्याच पत्रातून कळत असे. विचुंब्यातल्या माझ्या 'छान'मध्ये नेमके तेच नव्हते.

तरीही 'सत्यकथे'ची गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच होईल. १९६९ साली अनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुण लेखकांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. राजा ढाले हे त्यातले एक ठळक नाव. त्यांचा आक्षेप साहित्यातल्या एका प्रस्थापित अभिरुचीवर होता. इतक्या काळजीने वाचणाऱ्या संपादकांच्या वाट्याला हे का यावे? माझ्या मते कारण असे की सूचना देणारा कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्या मनात चांगल्या कथेचा एक नमुना तयार असतो आणि सूचना नकळत त्या नमुन्याच्या दिशेने जातात. ज्याचे जगणे आणि ज्याची भाषा त्या नमुन्याच्या बाहेर असते, त्याला ती काळजीही कोंडमाऱ्यासारखी वाटू शकते. अंक जाळणे मला पटत नाही, त्यामागचा राग मात्र समजतो. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. तसे पत्र लिहायला आज कोणाला सवड नाही, अशी हळहळ आपण करतो. ती करताना ही दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी.

चित्रकलेत तर आपण सगळे एका अक्षरावर आणून ठेवले आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मुले बसली. त्यांनी गावोगावच्या मुलांच्या हातात रंग आणि ब्रश दिले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण मुलाने काढलेले स्मरणचित्र जाते ते परत येत नाही. परत येते ती श्रेणी. 'ब' का मिळाला, माणसे चुकली की झाड, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

महिन्याभराने मी त्या मुलीकडे वही पुन्हा मागितली. तिने जरा आढेवेढे घेतले, मग दिली. या वेळी मी ती पेन्सिल घेऊन वाचली. गाढी नदीच्या पुरावर एक कविता होती. तीत पाणी उंबऱ्याशी आल्यावर आजी सगळ्यांत आधी लोणच्याची बरणी माळ्यावर ठेवते. मी तिला सांगितले की ती बरणी मला दिसली आणि पूर तिच्यामुळेच खरा वाटला. शेवटचे कडवे मात्र निसर्गरक्षणाच्या उपदेशाचे होते. ते दुसऱ्या कोणाचे वाटते, असेही सांगितले. ती म्हणाली, "बाईंनी सांगितलं होतं, कवितेत संदेश पाहिजे." मग थोडे थांबून तिने विचारले, "मग काढू का?"

'काढ' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी म्हटले, "ते तू ठरव. पुढच्या वेळी काय केलंस ते मला दाखव."