शून्य, दोन, एक, तीन

काही वर्षांपूर्वी आम्ही एक सर्किट बोर्ड तपासत होतो. त्यावरच्या दोन चिपांमध्ये चार सिरीयल लेन होत्या. एका चिपने आकडे मोजत पाठवायचे, दुसरीने वाचायचे, इतकी साधी चाचणी. पाठवलं ०, १, २, ३, ४, ५, ६, ७. मिळालं ०, २, १, ३, ४, ६, ५, ७.

एकेक लेन वेगळी तपासली, तर एका बिटाचीही चूक नाही. मी कोड लिहिणाऱ्या ज्युनियर मुलीला सरळ म्हणालो, "तुझ्याच कोडमध्ये घोळ आहे." बिचारी दोन रात्री कोड चाळत बसली.

हा प्रश्न आपल्या वयापेक्षा जुना आहे. १९७० साली सेंट्रॉनिक्स कंपनीच्या प्रिंटरला आठ बिट आठ वेगळ्या तारांतून एकदम जात, आणि नववी तार सांगे, "आता वाचा." कोणता बिट कुठला, हे तारेच्या जागेवरूनच ठरायचं. हार्ड डिस्कची ती रुंद, चपटी केबलही याच घराण्यातली. पण वेग वाढला तसे बिट एकत्र पोचेनात; एखादी तार किंचित मागे राहायची. सेकंदाला १३३ मेगाबाइटच्या आसपास ती केबल थकली. २००३ साली साटा आलं. त्यात बिट एकामागून एक जातात, सेकंदाला दीड अब्ज. शेजारणीसाठी थांबायची भानगडच नाही.

मग एक वाट पुरेना. माणसाने पुन्हा चार-चार, आठ-आठ वाटा शेजारी टाकल्या आणि जुनं दुखणं परत आलं. आता तर प्रत्येक लेन आपल्याच तालात येत होती.

२००२ च्या १० गिगाबिट इथरनेटमध्ये झाउई नावाची चार लेनची जोडणी होती. तिच्यात चारही लेनवर एकाच क्षणी एक खास खूण सोडत. घेणारा पुढे आलेल्या लेनला थोडं थोपवून चारही खुणा एका ओळीत आणायचा. मागे-पुढेपणा मिटला. क्रम मात्र तारेच्या भरवशावरच राहिला, कारण चौघींची खूण सारखीच होती.

पीसीआय एक्सप्रेसने पुढचं पाऊल टाकलं. जोडणी सुरू होताना प्रत्येक लेनवरून तिचा क्रमांक पाठवला जातो. बोर्डावर लेन उलट्या, म्हणजे ३ पासून ० अशा जोडल्या असतील, तरी ती सोय असलेल्या चिपा आपसात जुळवून घेतात.

२०१० चं १०० गिगाबिट इथरनेट याहून अवघड होतं. चिपमधून दहा लेन निघायच्या आणि फायबरमध्ये चार रंगांच्या प्रकाशात मिसळायच्या. पलीकडे कोण कुठून बाहेर पडेल, याचा नेम नाही. म्हणून प्रमाण ठरवणाऱ्यांनी माहितीचे ६६ बिटांचे तुकडे केले आणि पत्ते वाटावेत तसे २० आभासी लेनमध्ये वाटले. २० का? कारण त्याला १० नेही भाग जातो आणि ४ नेही. मग प्रत्येक लेनवर दर १६,३८४ तुकड्यांमागे एक तुकडा फक्त ओळख सांगायला ठेवला: मी अमुक क्रमांकाची. सुमारे २१० मायक्रोसेकंदांनी ही ओळख पुन्हा येते. तिच्यातच त्या लेनवरच्या चुका पकडण्याची सोयही आहे. कोणतीही लेन कुठेही पोचो, घेणारा क्रमांक वाचतो, मागे-पुढेपणा काढतो आणि ओळ लावतो. मधल्या यंत्राला काही समजायची गरजच नाही.

आमच्या बोर्डावर असा क्रमांक नव्हता. तिसऱ्या दिवशी मी माझंच ड्रॉइंग उघडलं. तांब्याच्या रेषा एकमेकींवरून जात होत्या, म्हणून लेन १ आणि २ ची अदलाबदल मीच केली होती. नोंद होती माझ्या वहीत. तिला ती कोण सांगणार?

मी तिची माफी मागितली. तिने दोन ओळी बदलल्या आणि आकडे सरळ आले: ०, १, २, ३. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर लेनची अदलाबदल मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. तारेला आपलं नाव सांगता येत नसेल, तर ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं.