आधी आईचं ताट

भाजीचा घास जवळ नेला की मान फिरवणारं मूल बहुतेक घरांत असतंच. आणि बोल कोणाला? आईलाच. "तूच लाडावून ठेवलंस!" मैत्रिणींनो, या प्रश्नाचा उलगडा करायचा प्रयत्न जवळजवळ शंभर वर्षं चालू आहे. त्याचीच ही थोडक्यात गोष्ट.

1926 साली अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या बाळांवर एक प्रयोग सुरू केला. एकूण 15 मुलं, 34 साधे पदार्थ. वाट्या समोर ठेवायच्या आणि मुलाने मागितलं तरच परिचारिकेने भरवायचं. आग्रह नाही, नाराजी नाही. यादीत मांसही होतं, ते आपल्या स्वयंपाकघरातलं नव्हे. पण धडा घेण्याजोगा आहे. मुलांच्या आवडी लहरी होत्या, तरी ती छान वाढली. 1939 साली डेव्हिसबाईंनीच सांगितलं की खरी किमया यादीची होती. तिच्यात साखर, मैदा असलं काही नव्हतंच. म्हणजे काय वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलाने.

पण त्या वाट्यांजवळ आईचं ताट नव्हतं. ती उणीव 1975 साली हार्पर आणि सँडर्स या संशोधकांनी भरून काढली. अनोळखी पदार्थ मुलापुढे नुसता धरण्यापेक्षा मोठ्या माणसाने तो स्वतः खाल्ला, तर मुलं जास्त सहज चाखून बघतात, असं त्यांना दिसलं. खाणारी परकी बाई नसून आई असली, तर आणखीच.

2001 साली फिलाडेल्फियात ज्युली मेनेला यांनी आणखी मागे जाऊन पाहिलं. गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना ज्या आया गाजराचा रस प्यायल्या, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराची चव असलेली पेज कमी तोंडं वाकडी करून खाल्ली.

सगळा दोष आईचा मात्र नाही हं! 2007 साली ब्रिटनमधल्या जुळ्या मुलांच्या अभ्यासात दिसलं की नव्या पदार्थाला बिचकण्यात अनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो.

आता आपल्या घरात बघा. सूर्यास्ताआधी सगळ्यांची जेवणं उरकायची घाई. आपण मुलाला भरवतो, बाकीच्यांना वाढतो आणि शेवटी ओट्यापाशी उभ्या उभ्या चार घास गिळतो. मुलाला आई जेवताना दिसतच नाही! मीही वर्षानुवर्षं हेच केलं. लेकीला दोडक्यावरून रागवायची, आणि तिला दिसायचं ते दोडका बाजूला सारणारं तिच्या बाबांचं ताट.

आता मी तिच्याशेजारी ताट घेऊन बसते. दोडका माझ्याही पानात, तिच्या बाबांच्याही. 'खा' म्हणत नाही. परवा तिने माझ्या ताटातली एक फोड उचलली, चाखली, परत ठेवली. मी काही बोलले नाही. उद्या पुन्हा बसू.