खो-खोतला विसावा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून सकाळी लवकर गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे निघालो, की वाटेत सरावाला चाललेली शाळकरी मुले भेटतात. शाळांमधला सराव पुष्कळदा मैदानाच्या दहा फेऱ्यांनी सुरू होतो. मुले दमली नाहीत तर सराव कसला, असा त्यामागचा हिशेब. संघ खो-खोचा असेल तर हा हिशेब एकदा तपासून पाहायला हवा.

खो-खो जुना खेळ, पण तो घड्याळात बसला विसाव्या शतकात. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याची नियमावली तयार केली. पुढे रूढ झालेल्या नियमांनुसार पाळी नऊ मिनिटांची. आक्रमकांपैकी आठ बसलेले, एक धावणारा. त्याने खो दिला की तो बसतो आणि दुसरा उठतो. संरक्षक मात्र एका वेळी तिघेच आत असतात आणि ते बाद होईपर्यंत पुढची तुकडी येत नाही. म्हणजे एकाच मैदानावर श्रमाच्या दोन तऱ्हा झाल्या. आक्रमकाच्या वाट्याला काही सेकंदांची धाव आणि मग बैठक. चांगल्या संरक्षकाला दोन-तीन मिनिटे पळत, हुलकावण्या देत राहावे लागते.

नियम ठरले तेव्हा स्नायूंचे रसायन नुकते उलगडू लागले होते. हिल आणि मायरहॉफ यांना त्यावरील कामासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, पण त्या काळी सारा भर लॅक्टिक आम्लावर होता. १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये फिस्क आणि आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन शोधून काढले. जोरदार धावेच्या पहिल्या काही सेकंदांना मुख्यतः हा साठा पुरतो. विश्रांतीत तो अर्धाअधिक भरायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. उरलेला भरायला काही मिनिटे. सुब्बारावांचे नाव एरवी औषधांच्या संदर्भात निघते. खेळाच्या शिक्षकांनीही ते लक्षात ठेवायला हरकत नाही.

याच सुमारास, १९३० च्या दशकात, जर्मनीत गेर्शलर हे प्रशिक्षक आणि राइंडेल हे डॉक्टर धावपटूंना थांबत थांबत धावायला लावत होते. त्यांचा शिष्य हार्बिग याने १९३९ मध्ये ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापले.

पण खरा उलगडा केला तो १९६० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका प्रयोगाने. ऑस्ट्रांड, क्रिस्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तयारीच्या माणसाला जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीवर बसवले. भार एवढा, की सलग चालवली तर दहा मिनिटांच्या आत तो थकून जाई. मग तासाभरात निम्मा वेळ काम आणि निम्मा वेळ विश्रांती, अशी वाटणी केली. तीन मिनिटे काम व तीन मिनिटे विश्रांती घेताना तास पुरा होईतो त्याचा जीव मेटाकुटीला आला. अर्धे मिनिट काम व अर्धे मिनिट विश्रांती घेताना मात्र तोच तास त्याने सहज काढला, आणि रक्तात लॅक्टिक आम्लही फारसे वाढले नाही. काम तेवढेच, विश्रांतीही तेवढीच. फरक होता तो तुकडे पाडण्याचा. प्रयोगकर्त्यांनी याचे श्रेय स्नायूंत साठवलेल्या प्राणवायूला दिले. फॉस्फोक्रिएटिनचा वाटा नीट कळला तो पुढे, सुईने स्नायूचा कण काढून तपासण्याची पद्धत रुळल्यावर.

आता आपला खो-खो पाहा. आक्रमक पहिल्या तऱ्हेचा नव्हे, दुसऱ्या तऱ्हेचा. संरक्षक तीन मिनिटांवाला. दोघांना एकच सराव देऊन कसे भागेल? आक्रमणासाठी पाच-सहा सेकंदांच्या धावा हव्यात, मध्ये त्याहून पुष्कळ मोठा विसावा, आणि प्रत्येक धाव बैठकीतून उठून. हे उठणेही श्रमाचेच असते. बसलेला खेळाडू आराम करत नसतो, हे विसरू नये. संरक्षणासाठी दीड-दोन मिनिटांची साखळी, मग निदान तेवढीच किंवा अधिक विश्रांती. दहा फेऱ्यांनी दम वाढेल, पण मुले थकल्यावर खो उशिरा देतात, आणि सरावात तेच त्यांच्या अंगवळणी पडते.

नववी-दहावीच्या वर्गाला हे करून पाहता येईल. धडधाकट मुलांच्या एका गटाला मैदानावर चार मिनिटे सलग पळू द्या. दुसऱ्या गटाला तेवढेच अंतर दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत, मध्ये वीस सेकंद थांबून. लगेच मनगटावरील नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणा आणि आकडे फळ्यावर लिहा. दुसऱ्या दिवशी गट बदला.