एक पट्टा, दोन आधार : पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेक एकाच क्षणी का जड होतात?

चालती व्हॅन वळणावर येते आणि अचानक स्टिअरिंग दगडासारखे जड होते. चालक ब्रेकवर पाय ठेवतो, तर पेडलही दबत नाही. ‘ब्रेक निकामी झाले’ हे त्याच्या तोंडचे पहिले वाक्य, आणि अपघाताच्या बातम्यांतही पुष्कळदा हेच शब्द येतात. परंतु दोन स्वतंत्र यंत्रणा एकाच क्षणी बिघडणे हा दुर्मीळ योगायोग होय. अशा वेळी बहुधा ब्रेकही शाबूत असतात आणि स्टिअरिंगही. नाहीसा झालेला असतो तो दोघांना मिळणारा आधार. हा आधार एकाच उगमातून का येऊ लागला, याचे उत्तर इतिहासात आहे.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कालचा नियम. तो मांडणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. या नियमावर चालणारे चारही चाकांचे ब्रेक १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीत आले. लहान पिस्टनवरील बल मोठ्या पिस्टनवर वाढून मिळते, पण ऊर्जा वाढत नाही. बल जितके पट वाढवावे, तितके पट अधिक अंतर पेडलला कापावे लागते, आणि पायाखाली जागा मोजकीच असते. गाड्या जड होत गेल्या, तसे बाहेरून बळ आणणे अटळ ठरले.

१९२७ मध्ये बेल्जियन अभियंता अल्बर्ट देवांद्र याने ते बळ इंजिनाच्या शोषणातून मिळवले. पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल मिटलेला असताना आत हवा खेचणाऱ्या नळीतील दाब वातावरणापेक्षा बराच कमी असतो. बूस्टरच्या डब्यातील पडद्याच्या एका बाजूस हा कमी दाब आणि दुसऱ्या बाजूस वातावरण, एवढीच त्यातील युक्ती. पडद्याचा व्यास २३ सेंटिमीटर आणि दाबातील फरक ७० किलोपास्कल धरला, तर बल सुमारे २९०० न्यूटन भरते. म्हणजे जवळजवळ तीनशे किलो वजनाइतके. पाय केवळ झडप उघडतो. खरे काम हवा करते.

स्टिअरिंगची कथा याच काळातली. पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिसने १९२६ मध्ये द्रवचलित पॉवर स्टिअरिंग गाडीवर बसवून दाखवले. जनरल मोटर्सने त्यात रस घेतला, पण मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, खर्चापायी हात आखडता घेतला. पुढे महायुद्धातील जड लष्करी वाहनांनी या शोधाची उपयुक्तता सिद्ध केली, आणि १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलमधून तो सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला. यातील पंप इंजिनावरील पट्टा फिरवतो.

येथवर दोन्ही आधार निराळे होते : एक हवेचा, दुसरा तेलाचा. पुढे ते जवळ आले. १९७० च्या दशकात बेंडिक्स कंपनीच्या ‘हायड्रो-बूस्ट’ रचनेने ब्रेकलाही स्टिअरिंगच्याच पंपाचे तेल पुरवले. डिझेल इंजिनात थ्रॉटलचे शोषण नसते आणि जड व्हॅनमध्ये मोठ्या बूस्टरला जागा नसते. त्यामुळे शेव्रोले एक्सप्रेससारख्या अवजड व्हॅनमध्ये ही रचना रुजली. त्याच दशकाच्या अखेरीस अनेक पट्ट्यांच्या जागी पंप, अल्टरनेटर असे सारे फिरवणारा एकच लांब पट्टा आला. जागा वाचली, देखभाल सोपी झाली. पण एक पट्टा तुटला की अनेक सेवा एकदम थांबू लागल्या.

दोष शोधण्याचा क्रमही येथूनच ठरतो. प्रथम, इंजिन चालू आहे का? ते बंद पडले असेल, तर मूळ इंधनात किंवा प्रज्वलनात शोधावे. इंजिन चालू आहे, पण बॅटरीचा दिवा लागला आहे, तर पट्टा पाहावा. पट्टा ठीक असेल, तर स्टिअरिंग तेलाची पातळी, नळीची गळती, तेलातील फेस आणि पंपाची घरघर तपासावी. केवळ ब्रेकच जड असेल, तर शोषणाची नळी आणि तिच्यातील एकदिशा झडप पाहावी. गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत अनेकदा दाबावे, दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करत आहे. मात्र पेडल कडक न होता तळाशी जात असेल, तर ते निराळे आणि अधिक गंभीर दुखणे आहे : ब्रेकच्या द्रवाची गळती किंवा मास्टर सिलिंडरचा बिघाड. अशी गाडी चालवूच नये.

आपल्या देशात या ज्ञानाचे मोल घाटरस्त्यांवर कळते. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणारे चालक आजही आढळतात. बूस्टरमध्ये उरलेला साठा एकदोनदा पेडल दाबेपर्यंतच पुरतो. त्यानंतर सारा भार पायावर येतो. १९८४ पासून २०१९ पर्यंत बनलेल्या मारुतीच्या छोट्या व्हॅनला पॉवर स्टिअरिंग नव्हते. तिच्या चालकाचे हात त्या भाराला सरावलेले होते. आधाराला सरावलेले हात तो अचानक सुटताच गोंधळतात.

पेडल आणि ब्रेक, चक्र आणि चाके यांना जोडणारा मूळ दुवा अभियंत्यांनी या रचनांत कायम ठेवला आहे. म्हणून आधार गेल्यास पेडल सोडू नये आणि पुन्हा पुन्हा पंपही करू नये. सर्व ताकदीने एकसारखे दाबून धरावे, दोन्ही हातांनी चक्र वळवावे, गिअर उतरवत वेग कमी करावा. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नये, कारण मग चक्र कुलूपबंद होऊ शकते. जड झालेला ब्रेक हा गेलेला ब्रेक नव्हे, हा भेद ज्याला आधीच ठाऊक असतो, त्याचा पाय त्या क्षणी पेडलवरून उचलला जात नाही.