पाण्याच्या नळीत डीएनए आला कुठून? पीसीआर फसते तेव्हा

मार्च २०२०. कोरोनाची किट विकायला कंपन्यांची रांग लागली होती आणि ती तपासायचं काम पुण्याच्या एनआयव्हीकडे होतं. अट साधी होती: खरे पॉझिटिव्ह नमुने पॉझिटिव्ह आणि खरे निगेटिव्ह नमुने निगेटिव्हच आले पाहिजेत, तेही १०० टक्के. पहिल्या फेरीत दोनच किट पास झाली. त्यातलं एक पुण्याच्याच मायलॅबचं.

आता तुम्ही म्हणाल, निगेटिव्हला निगेटिव्ह म्हणण्यात काय अवघड?

पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याची झेरॉक्स. दर फेरीला प्रती दुप्पट. एका प्रतीपासून सुरुवात केली तर ३० फेऱ्यांत कागदावर १०७ कोटी होतात. म्हणूनच आधीच्या टेस्टची नळी उघडताना उडालेला, डोळ्यांना न दिसणारा थेंब नव्या नळीत पडला, तर त्याच्याही तितक्याच इमानदारीने प्रती निघतात.

हे पकडायला दर वेळी एका नळीत नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी घालतात. हा निगेटिव्ह कंट्रोल. तो पॉझिटिव्ह आला, तर त्या बॅचचे पॉझिटिव्ह रिपोर्ट द्यायचे नाहीत.

मग चूक शोधायची. साध्या पीसीआरमध्ये डीएनए जेलवर पट्ट्यांसारखा दिसतो. पाण्याच्या नळीचा पट्टा अगदी तळाशी आणि पुसट असेल, तर बहुतेक वेळा तो प्रायमर-डायमर असतो. डीएनएला चिकटायचे ते प्रायमर एकमेकांनाच चिकटलेले असतात. प्रायमर कमी करून, हॉट-स्टार्ट एन्झाइम वापरून बघायचं. नाहीच जमलं तर प्रायमर नव्याने डिझाइन करायचे. पट्टा बरोबर अपेक्षित जागी आला, तर मात्र बाहेरचा डीएनए शिरलाय. अशा वेळी पाणी, बफर, प्रायमरच्या उघडलेल्या नळ्या सरळ फेकाव्यात. कोणती बिघडली हे शोधण्यात आठवडा जातो. टेबल आणि पिपेट ब्लीचने पुसायचे. मिश्रण बनवायची खोली आणि तयार डीएनए उघडायची खोली वेगळी ठेवायची.

पाणी स्वच्छ, पण नमुन्यात भलतेच पट्टे? प्रायमर चुकीच्या जागी चिकटतायत. ते चिकटण्याच्या टप्प्याचं तापमान थोडं वाढवायचं, मॅग्नेशियम कमी करायचं.

हे नवशिक्यांचंच होतं असं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसीची किट अनेक प्रयोगशाळांत निगेटिव्ह कंट्रोललाच पॉझिटिव्ह दाखवू लागली. पुढे सीडीसीच्याच तपासात दोन्ही दोष सापडले: एका भागात कृत्रिम डीएनए मिसळला होता, तर दुसऱ्यात प्रायमर आणि प्रोब एकमेकांना चिकटत होते. साथ पसरत असताना तिथल्या टेस्टिंगचे काही आठवडे यातच गेले.